ज्याचं नाव घ्याल, त्याचं दार ठोठावा

प्रार्थनेत ज्याचं नाव घ्याल, त्याच्या दारात आठवड्याच्या आत तुमचं पाऊल पडलं पाहिजे. मिशन दवाखान्यात मी नवी नर्स म्हणून लागले तेव्हा आमच्या वयस्कर मेट्रननी हा कानमंत्र मला दिला. माझी सगळी नोकरी आणि निवृत्तीनंतरचं आयुष्य त्याच्यावरच उभं आहे. दृढीकरण होऊन नुकतीच प्रभुभोजनाला बसू लागलेली मुलं मला विचारतात, "मावशी, रविवारी उपासनेला जातो, पण सोमवार ते शनिवार ख्रिस्ती म्हणून नेमकं काय करायचं?" त्यांना मी जे सांगते तेच इथे लिहिते आहे. यातलं बरंचसं मला माझ्या आईकडून आणि त्या मेट्रनबाईंकडून मिळालं. बाळांनो, तुम्हीही ते पुढे द्या.

वेळ आणि जागा ठरवा

प्रार्थनेची वेळ ठरलेली नसेल तर प्रार्थना होत नाही. दानीएल दिवसातून तीनदा खिडकीपाशी गुडघे टेकत असे. प्रभू येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात जात असे. आमच्या लहानपणी दिवेलागणीला कुटुंबप्रार्थना असायची. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं गीत, शास्त्रपाठ, मग वडिलांची प्रार्थना, आणि त्यानंतरच ताटं वाढली जायची. आज घरात दोघांच्या दोन शिफ्ट असतात, मुलं क्लासला गेलेली असतात. तेव्हा रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीला प्रार्थना बांधून टाका. सकाळचा चहा उकळेपर्यंतची वेळ घ्या, नाहीतर रात्री कुलूप लावून झाल्यावरची. दहा मिनिटं पुरतात, पण ती रोजची हवीत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

घरात मुलं असतील तर वाचनाची पाळी त्यांना द्या. उतारा छोटा निवडा. आणि एक पथ्य पाळा: प्रार्थनेतून मुलांना बोलणी देऊ नका. "प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे" असं मोठ्याने म्हटलं की मूल देवाशी बोलणं सोडून देतं, कारण देव आईबापांच्या बाजूचा आहे असं त्याला वाटू लागतं. जे त्याला सांगायचं आहे ते जेवताना सरळ सांगा. प्रार्थनेत त्याच्यासाठी आभार माना.

वहीत तीन रकाने आखा

एक साधी शंभर पानी वही घ्या. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात गरज आणि तिसऱ्यात 'मी काय करणार' असं लिहा. तिसरा रकाना रिकामा ठेवायचा नाही. अंगावर कपडा नाही, पोटात अन्न नाही अशा माणसाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्यांना याकोबाने आपल्या पत्रात चांगलंच खडसावलं आहे. ही वही त्या दटावणीपासून आपल्याला वाचवते.

शेजारच्या काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर तिसऱ्या रकान्यात येईल: 'गुरुवारी तपासणीला मी रिक्षाने घेऊन जाणार.' जावेशी अबोला असेल तर लिहा: 'शनिवारी मीच फोन करणार.' कुणाच्या मुलाची नोकरी गेली असेल तर 'ओळखीच्या दोन ठिकाणी शब्द टाकणार.' काही गरजांपुढे आपले हात तोकडे पडतात. शेवटच्या आजारात पडलेल्या माणसासाठी मी लिहिते: 'जवळ बसणार.' तेही काम आहे, आणि फार मोठं काम आहे.

दर शनिवारी वही उघडून पाहा. झालेल्या कामावर खूण करा. एखादं नाव कित्येक आठवडे प्रार्थनेत येतंय आणि तिसऱ्या रकान्यातलं काम तसंच पडून आहे असं दिसलं, तर त्या शनिवारी आधी ते काम करा.

हात धुताना नाव घ्या

आमच्या मेट्रनबाई ड्रेसिंगला जाण्याआधी बेसिनपाशी उभ्या राहून हात धुवायच्या. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, मग मनगटापर्यंत साबण. घाई कधीच नाही. ओठ हलताना दिसायचे. मला वाटायचं, त्या साबणाचे सेकंद मोजतात. एकदा त्यांनीच सांगितलं, "पोरी, ज्याच्या जखमेला हात लावायचा, त्याचं नाव घेऊन साबण लावते. तेवढ्या वेळात हातही स्वच्छ होतात आणि मनही." पुढच्या खाटेवरचा माणूस मग 'बारा नंबर' राहायचा नाही. त्या त्याला नावाने हाक मारूनच पट्टी सोडायच्या, आणि पट्टी चिकटलेली असली तर सलाईनच्या पाण्याने भिजवून, मऊ होईपर्यंत थांबायच्या.

हा मंत्र दवाखान्यापुरता नाही. शिक्षकाने हजेरी घेताना एकेका नावावर क्षणभर थांबावं. दुकानदाराने शटर उचलताना पहिल्या गिऱ्हाईकासाठी मागावं. बँकेत काउंटरवर बसणाऱ्याने टोकनचा नंबर पुकारताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहावं. राजाने नहेम्याला प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर देण्याआधी त्याने मनातल्या मनात देवाकडे धाव घेतली. त्या प्रार्थनेला किती वेळ लागला असेल? एका श्वासाचा. अशा श्वासाएवढ्या प्रार्थना दिवसभर करता येतात, आणि त्यांनी काम खोळंबत नाही, उलट चोख होतं.

आजाऱ्याला भेटायला जाताना

दवाखान्यात भेटायला येणारी माणसं मी उभ्या आयुष्यात पाहिली. त्यावरून सांगते. डॉक्टरांच्या राउंडच्या वेळी आणि जेवणाच्या वेळी जाऊ नका. आत जाताना आणि बाहेर पडताना हात धुवा. खाटेवर बसू नका, स्टूल ओढून घ्या, म्हणजे रुग्णाला मान वर करून बोलावं लागत नाही. "डॉक्टर काय म्हणाले?" हा प्रश्न त्याने दिवसभरात दहा जणांकडून ऐकलेला असतो. आपल्या नात्यात अशाच आजाराने कोण गेलं हे तर मुळीच सांगू नका.

"प्रार्थना करू का?" असं आधी विचारा. हो म्हटलं तर दोन मिनिटांत संपवा. "ही देवाची इच्छा" असं म्हणून दुखणाऱ्या माणसाच्या गळ्यात देवाचा निवाडा अडकवू नका. लाजरच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला, हे लक्षात ठेवा. तिथे तुम्हीही रडलात तर काही बिघडत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं: रुग्णाबरोबर राहणाऱ्या माणसाकडे पाहा. रात्रभर जागलेली बायको, सुट्टी संपत आलेला मुलगा. त्यांना म्हणा, "तुम्ही घरी जाऊन अंघोळ करा, जेवा, दोन तास झोपा. तोवर मी बसते." हारतुरे आणि फळांच्या पिशव्यांपेक्षा हे दोन तास मोलाचे.

पिठाची मूठ

माझी आई भाकरीचं पीठ परातीत घेतलं की त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. डबा भरला की तो कुणाच्या तरी घरी जायचा. १९७२ च्या दुष्काळात गावची माणसं खडी फोडायला जायची, मुलांना सुकडी मिळायची, बाहेरून आलेला लाल मिलो दळून भाकऱ्या थापायच्या. त्या वर्षीही आईने डबा बंद केला नाही. मूठ लहान झाली एवढंच.

मिझोरममधल्या ख्रिस्ती बाया १९१० पासून असंच करतात. स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि ते मंडळीत आणून देतात. 'बुहफाय थाम' म्हणतात त्याला. त्या मुठीवर तिथल्या मंडळ्यांनी मोठी कामं उभी केली आहेत. गरिबाला देता येत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला मिझोरम दाखवा.

तुम्ही पीठ मळत नसाल तर मूठ दुसरी काढा. बाहेरून जेवण मागवाल त्या दिवशी एका ताटाचे पैसे वेगळ्या पाकिटात टाका. कपडे देणार असाल तर धुऊन, इस्त्री करून, बटणं लावून द्या. यापोवासी टबीथा, जिला दुर्कस म्हणत, विधवांसाठी कपडे स्वतः शिवत होती. ती गेल्यावर त्या बायकांनी पेत्राला तेच कपडे काढून दाखवले. आपण दिलेला सदरा कुणाला असा अभिमानाने दाखवावासा वाटेल का, हे देण्याआधी पाहा. आणि देताना फोटो काढू नका. घेणाऱ्याला उद्या त्याच गल्लीतून जायचं असतं.

मदतीला अट लावू नका

मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं. तिथे सगळ्या जातिधर्मांची माणसं दुखणी घेऊन आली आणि बरी होऊन गेली. चांगल्या शोमरोन्याने रस्त्यात पडलेल्याची जात विचारली नाही, तेल आणि द्राक्षारस घालून जखमा बांधल्या. तुमच्या डब्याबरोबर, औषधाबरोबर, फीच्या पैशांबरोबर उपासनेला येण्याचं आमंत्रण चिकटवू नका. अडलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याने म्हटलेल्या 'हो'ला किंमत नसते. त्याने आपण होऊन विचारलं, "तुम्ही हे का करता?" तर मात्र लाजू नका. प्रभूचं नाव स्पष्ट घ्या.

सेवा कधीकधी तोंड उघडण्यातही असते. वसईत पाण्याचा आणि हिरव्या पट्ट्याचा प्रश्न आला तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो गावकऱ्यांबरोबर रस्त्यावर उतरले, आणि त्यांच्याच हातून 'सुबोध बायबल'ही घडलं. तुमच्या वस्तीत पाणी येत नसेल, तर त्याबद्दल प्रार्थना करा आणि नगरपालिकेत अर्जही द्या.

परत जा

शोमरोन्याच्या गोष्टीत मला सगळ्यात आवडतं ते शेवटचं. त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले आणि आणखी खर्च झाला तर परत येताना फेडीन असं सांगितलं. एकदाची मदत पुष्कळ जण करतात. परत जाणारे थोडे.

मातीच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असतं. तिसऱ्या महिन्यात तिथे कुणी नसतं. तेव्हा जा. मागे राहिलेल्या बाईला त्या वेळी कागदपत्रांची मदत लागते: मृत्यूचा दाखला, रेशनकार्डावरचं नाव, बँकेतलं खातं. ती निकषांत बसत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात द्यावा लागतो. तिच्याबरोबर रांगेत उभं राहा. झेरॉक्सच्या दोन प्रती जास्त घ्या. त्या रांगेत घालवलेली सकाळ ही तुमची उपासनाच आहे.

एकट्याने ओढू नका

सेवा करणारी माणसं थकतात, चिडतात, आणि मग घरच्यांवर राग काढतात. पहिल्या मंडळीत विधवांच्या जेवणाच्या वाटपावरून कुरबुर झाली, तेव्हा प्रेषितांनी त्या कामासाठी सात माणसं निवडायला लावली. तुम्हीही भगिनी मंडळात, तरुण संघात पाळ्या लावा. सोमवारचा डबा हिच्याकडे, बुधवारची दवाखान्याची फेरी त्याच्याकडे. आपली पाळी नसेल त्या दिवशी विश्रांती घ्या. प्रभूही गर्दी सोडून एकांतात जात असे.

एकट्याने न ओढलेलं काम कसं टिकतं हे पाहायचं असेल, तर पंडिता रमाबाईंचं केडगाव पाहून या. दुष्काळात आसरा हरपलेल्या मुलींना त्यांनी मुक्तिसदनात आणलं. तिथे प्रार्थना होती, शेती होती, विणकाम होतं, छापखानाही होता. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या, आणि त्याच अंगणात अंध मुली ब्रेल वाचायला शिकत होत्या. १९२२ साली त्या गेल्या, काम चालूच राहिलं. कारण त्यांनी मुलींना नुसतं सांभाळलं नव्हतं, काम शिकवलं होतं. ज्याची आज सेवा करता, तो उद्या दुसऱ्याची सेवा करू लागेल, अशा बेताने सेवा करा.

तेव्हा बाळांनो, मोठे संकल्प राहू द्या. आज रात्री वहीत तीनच नावं लिहा: एक घरातलं, एक शेजारचं, आणि एक असं की ज्याच्याशी तुमचं पटत नाही. तिघांसाठी प्रार्थना करा, तिसरा रकाना भरा, आणि येत्या रविवारच्या आत तिन्ही दारं ठोठावून या.