निळ्या किरणाची वाट

एकाच वेळी सांगितलेले खेळणे शेजारच्या घरी पोहोचले आणि आपल्या घरी मात्र चार महिन्यांनी आले, तर आपल्या मनात काय येईल? ‘आम्हांलाच का मागे ठेवले?’ असे आपण विचारूच. २००६ साली युरोपातील खेळाडूंपुढे असाच प्रश्न उभा राहिला होता.

जपानमधील सोनी या कंपनीने ‘प्लेस्टेशन ३’ हे व्हिडिओ गेमचे यंत्र बनविले होते. ते जपान, अमेरिका व युरोप येथे नोव्हेंबर २००६ मध्ये विक्रीस यावयाचे होते. परंतु सप्टेंबरात कंपनीने जाहीर केले, की युरोपास मार्च २००७ पर्यंत थांबावे लागेल. सारे अडले होते एका चिमुकल्या भागावाचून!

तो भाग म्हणजे निळसर-जांभळा किरण सोडणारा लेसर डायोड. या यंत्राचे खेळ ब्लू-रे तबकडीवर साठविलेले असतात. जुन्या डीव्हीडीवरील खुणा तांबड्या किरणाने वाचल्या जात. त्याची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, तर नव्या किरणाची ४०५. बारीक अक्षर लिहावयाचे तर बोरूचे टोकही बारीक हवे. त्याचप्रमाणे बारीक खुणा वाचावयास आखूड तरंगलांबीचा किरण हवा. म्हणूनच डीव्हीडीच्या एका थरावर ४.७ गिगाबाइट माहिती मावते, तर ब्लू-रेच्या एका थरावर २५ गिगाबाइट! पण असे डायोड मोठ्या संख्येने बनविणे तेव्हा कठीण गेले. डायोड कमी पडले, म्हणून यंत्रेही कमी पडली.

मग जी होती, ती कोणास द्यावयाची? कंपनीने पहिल्या विक्रीसाठी जपानला १ लाख आणि उत्तर अमेरिकेला ४ लाख यंत्रे नेमून दिली. जपानमध्ये ११ नोव्हेंबरला व अमेरिकेत १७ नोव्हेंबरला विक्री सुरू झाली. युरोपात मात्र २३ मार्च २००७ हा दिवस उजाडावा लागला.

तुटवडा हेच काही एकमेव कारण नव्हे. जपानमध्ये घरातील वीज १०० व्होल्टची, तर भारतात २३० व्होल्टची असते. देशोदेशीच्या भाषा व कायदेही निराळे. भारतात अशा यंत्रांची प्रयोगशाळेत सुरक्षिततेसाठी परीक्षा व्हावी लागते आणि भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी करावी लागते. ‘प्लेस्टेशन ५’ हे यंत्र जपान व अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२० रोजी आले. भारतात आले २ फेब्रुवारी २०२१ रोजी.

मुलांनो, उशीर झाला म्हणजे कोणी आपला अपमानच केला, असे नाही. तथापि, एक गोष्ट ध्यानात ठेवा. डायोड कमी पडले, हा कारखान्यातील अडचणीचा परिणाम होता. पण कोणी आधी घ्यावे व कोणी थांबावे, हे माणसांनीच ठरविले होते. अडचण कोणती आणि निर्णय कोणता, हे ज्याला निवडता येते, त्यालाच योग्य प्रश्न विचारता येतो.

स्वाध्याय

१. युरोपातील विक्री लांबणीवर का पडली?
२. बोरूचे उदाहरण लेखकाने कशासाठी दिले आहे?
३. वस्तू थोड्या व मागणारे पुष्कळ असतील, तर तुम्ही वाटणी कशी कराल? पाच ओळी लिहा.