गिअरबॉक्सखाली तेलाचा डाग

प्रश्न : जुन्या पिकअपमधून दर्यापूरहून अकोल्याला कापूस नेतो. गाडीच्या मधोमध खाली तेल ठिबकतं. गिअरबॉक्सही इंजिनसारखा थोडं तेल खातोच ना? वरून टाकत राहिलं तर चालेल का?
– एक वाचक, दर्यापूर

उत्तर : घाबरू नका, बहुतेकदा हे दुखणं ऑइल सील बदलून जातं. पण गिअरबॉक्स तेल खात नाही. पातळी उतरली म्हणजे तेल गळालं.

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. दाट, गंधकासारख्या उग्र वासाचं तेल गिअरबॉक्सचं. पातळ, लालसर असेल तर बहुधा पॉवर स्टिअरिंगचं. सील बदलण्याआधी गिअरबॉक्सचा ब्रीदर साफ करून घ्या. आपल्याकडची काळी माती त्यात बसली की आत दाब वाढतो आणि नवं सीलही गळू लागतं.

पातळी सपाट जागेवर, गाडी गार असताना, बाजूच्या फिलर बोल्टमधून पाहा. साधारणपणे तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. ग्रेड मॅन्युअलमधलाच वापरा.

क्लच घसरू लागला किंवा गिअर आवाज करू लागले, तर माल भरू नका, आधी गॅरेज गाठा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.