गिअरबॉक्सला ड्रेनवाला पॅन बसवावा का?

प्रश्न : आमगाव ते गोंदिया राइस मिलपर्यंत बोलेरो पिकअपमधून धान नेतो. ऑइल बदलणं सोपं व्हावं म्हणून ड्रेन प्लगचा पॅन बसवून घेऊ का?

उत्तर : खर्च करू नका. पॅन असतो ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला. काही गाड्यांत त्याला ड्रेन प्लग नसतो, तेव्हा असा बदल कामाचा. तुमचा गिअरबॉक्स मॅन्युअल आहे, ड्रेन प्लग कंपनीचाच आहे. फार तर त्याच आट्यांचा चुंबक असलेला प्लग लावा. लोखंडी कीस त्याला चिकटतो. मऊ काळपट लेप चालेल; टोचणारे तुकडे दिसले तर बॉक्स उघडायलाच हवा.

गाडी थोडी चालवून, सपाट जागी उभी करून, भरायचा प्लग आधी सोडवा. तो गच्च बसलेला असेल आणि ऑइल आधीच काढून टाकलं, तर गाडी तिथेच अडकते. वॉशर नवा घ्या, प्लग बेताने आवळा. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत.

पावसाळ्यात बांधीच्या वाटेवर गाडी पाण्यात बुडाली असेल, तर किलोमीटर मोजत बसू नका. ऑइल दुधाळ दिसलं की लगेच बदला, ब्रीदरही साफ करून घ्या.