राजाने कंदिलाच्या काचेला दिलेला हात

नेपियर टाउन, जबलपूर

चि. मिहिर यास,


तुझं पत्र मिळालं. अहमदाबादला काचेच्या भट्टीपुढे तुझं मन रमलंय, हे वाचून आनंद झाला. त्यातली एक गोष्ट मात्र मला पटली नाही. कंदील, पेले, बरण्या ही कारखान्याची कामं, त्यांत कला नाही, असं तू म्हणतोस. शिवाय कलावंताला पोसणारे राजेरजवाडे संपले, म्हणून आता श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली झुंबरंच करायची, असंही लिहितोस. म्हणून तुला एका राजाचीच हकिकत सांगते.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी १८६८ साली जन्मले आणि १९०९ मध्ये गादीवर आले. संस्थान अगदी लहान, तेही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. डेक्कन कॉलेजातून बी.ए. झालेला हा राजा कीर्तन करायचा, स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालून प्रजेलाही घालायला लावायचा आणि चित्रं काढायचा. हौस म्हणून चार चित्रं रंगवून थांबणारे ते नव्हते. त्यांनी अख्खं रामायण चित्रांत उतरवलं. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली, तेव्हा त्यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि तिच्यासाठी चित्रंही स्वतःच्या हाताने काढली. अजिंठ्याच्या लेण्यांवरचं त्यांचं पुस्तक १९३२ साली निघालं. १९३८ मध्ये त्यांनी औंधला भवानी संग्रहालय उभं केलं. रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं आणि हेन्री मूरचं ‘माता आणि मूल’ हे शिल्प सातारा जिल्ह्यातल्या एका आडगावी बघायला मिळतं, ते या माणसामुळे.

पण तुझ्या कामाची गोष्ट पुढेच आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला. तेव्हा बाळासाहेबांनी कुंडलजवळचा माळ दिला, भांडवलाला कर्ज दिलं आणि किर्लोस्करवाडी वसली. हे लक्ष्मणराव मूळचे मुंबईच्या जे.जे. स्कूलमधले चित्रकलेचे विद्यार्थी. काही रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून त्यांची चित्रकला सुटली होती. त्यांनी नांगर घडवला, आणि चित्रकार राजाने त्याला जागा दिली. पुढे १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला, तोही औंधच्या आश्रयाने. तिथला कंदील ओगले बंधूंच्या वडिलांच्या नावावरून ‘प्रभाकर’ झाला आणि कारखान्याभोवतीच्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव पडलं. विलायती आणि जर्मन कंदिलांच्या काळात खेड्यापाड्यांत स्वदेशी कंदील पेटला. ज्या राजाला रविवर्म्याची पारख होती, त्याला कंदिलाची काचही मोलाची वाटली. मला वाटतं, त्यांच्या लेखी ही एकच आवड होती.

आता त्या काचेकडे कारागिराच्या नजरेने बघ. आत ज्योत, बाहेर पावसाचा थेंब, आणि तरी ती तडकता कामा नये. म्हणजे जाडी सगळीकडे सारखी हवी. भट्टीतून निघाल्यावर तिला सावकाश, बेताबेताने निववायला हवं, नाहीतर आत राहिलेला ताण पुढे कधीतरी तिला फोडतोच. वाळूत लोखंडाचा अंश जास्त असला तर काच हिरवट होते आणि उजेड मंदावतो. पोटाला किती फुगवायची, गळ्याशी किती आवळायची, हे ज्योतीला लागणारी हवा ठरवते. यातली एकही रेषा शोभेसाठी नाही, आणि तरी ती काच सुंदर दिसते. झुंबरातली चूक लोलकांच्या गर्दीत लपते. कंदिलाच्या काचेत लपत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की या वर्षी झुंबर बाजूला ठेव आणि असं एखादं साधं भांडं हातात बसेपर्यंत कर.

आणि आश्रयदाता नाही म्हणून रडू नकोस. तळेगावचा काचकारखाना १९०८ साली पैसा फंडातून निघाला. अंताजी दामोदर काळे दारोदार फिरून माणशी एकेक पैसा मागत होते, टिळक पाठीशी होते, आणि ज्यांनी तो पैसा दिला ते सगळेच आश्रयदाते झाले. तूही आजपासून होऊ शकतोस. शिष्यवृत्तीतून थोडे पैसे उरले तर सोबत्याची एखादी वस्तू रास्त दामाने विकत घे. तुझं काम प्रदर्शनात लागलं तर ज्याने नळीत फुंकर घातली त्या कारागिराचं नाव तुझ्या नावाशेजारी लिहून घे. ही दुसरी गोष्ट मी आग्रहाने सांगते, कारण तुमच्या क्षेत्रात ती फार क्वचित होते.

आपल्या गावातही बघ. राममनोहर सिन्हा इथल्या मातबर ब्योहार घराण्यातले, नंदलाल बोसांचे शिष्य. राज्यघटनेच्या मूळ प्रतीतलं उद्देशिकेचं पान त्यांनी सजवलं. आपल्या शहीद स्मारकातली भित्तिचित्रंही त्यांची आणि त्यांच्या सोबत्यांची. घराण्याच्या वाड्यात ठेवायला त्यांनी ती काढली नाहीत. लहानपणी तू तिथे कितीदा गेला असशील. आता काचेचं शिक्षण घेतल्यावर पुन्हा जाऊन बघ.

तुझ्या कच्च्या मालाकडेही असंच नव्याने बघ. काचेला मुख्यतः वाळू, सोडा आणि चुना लागतो. जबलपूरहून प्रयागच्या गाडीत बसलास की आधी चुन्याचं कटनी येतं आणि पुढे काचेच्या वाळूसाठी नावाजलेलं शंकरगढ. आजवर तू ती स्टेशनं झोपेत ओलांडलीस. पुढच्या वेळी तिथे उतर, वाळू हातात घेऊन बघ, खाणीतल्या माणसांशी बोल.

सुटी लागली की थेट घरी येऊ नकोस. आधी साताऱ्याकडे जा, रहिमतपूरमार्गे औंध गाठ, संग्रहालय सावकाश बघ, आणि तिथून कराडला जाऊन ओगलेवाडी बघून ये. तिथला कारखाना केव्हाच बंद पडला आहे, तरी जा. जाण्यायेण्याचा खर्च मी पाठवते. किती लागेल ते उलट टपाली कळव.

तुझी,
आत्या