राखेचे मोजमाप

वणवा विझला की माणसांची धावपळ थांबते. पण वनाधिकाऱ्यांपुढे त्याच दिवशी नवा प्रश्न उभा राहतो. रान किती जळाले? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. वणवा शेताच्या बांधासारखी सरळ हद्द आखून जळत नाही. वारा फिरला की तोही फिरतो. एखाद्या टेकडीला वळसा घालतो, ओढ्याकाठची हिरवी झाडे मध्येच सोडून देतो आणि पलीकडच्या वाळल्या गवतात पुन्हा शिरतो. पूर्वी वनरक्षक जळिताच्या कडेकडेने पायी हिंडत आणि नकाशावर अंदाजाने रेघ ओढीत. त्यांचे कष्ट मोठे खरे. परंतु दुर्गम कड्यांवर आणि दाट झुडपांत माणसाची नजर पोचणार तरी कितपत? चारा आणि आसरा गमावलेल्या पशूंसाठी काय करावयाचे, पावसात कोणत्या उतारावरची माती वाहून जाईल, पुढील वर्षी जाळरेषा कोठे काढावयाच्या, हे सारे तर त्या रेघेवरच ठरावयाचे असते.

२०१९ च्या फेब्रुवारीत कर्नाटकातील बंदीपूर व्याघ्र प्रकल्पात हाच प्रश्न उभा राहिला. बंदीपूरचे रान पानझडीचे. त्या ऋतूत जमिनीवर वाळल्या पानांचा थर असतो, गवत कोळपलेले असते आणि घाणेरीची झुडपे म्हणजे जणू रचून ठेवलेले सरपणच. २१ फेब्रुवारीच्या सुमारास भडकलेली आग चार-पाच दिवस आटोक्यात येईना. अखेर वायुदलाच्या हेलिकॉप्टरांना आकाशातून पाणी ओतावे लागले. त्यानंतर लवकरच राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहचित्रे तपासून सुमारे १०,९२० एकर, म्हणजे अंदाजे ४,४०० हेक्टर, रान जळाल्याचे सांगितले.

इतक्या उंचीवरून राख ओळखू येते तरी कशी? युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांचे उदाहरण घेऊ. ते सुमारे ७८६ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. त्यांतला पहिला २०१५ साली व दुसरा २०१७ साली सोडण्यात आला. ही जोडी झाल्यापासून एकाच भूभागाचे चित्र साधारण दर पाच दिवसांनी मिळू लागले. आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही त्यांचे यंत्र टिपते, आणि खरी गंमत येथेच आहे. हिरवे पान एका प्रकारचे अवरक्त किरण भरपूर परतवते. पण त्याहून लांब तरंगाचे अवरक्त किरण पानातले पाणी शोषून घेते. पान जळाले की हा हिशेब उलटतो. पहिले किरण कमी परततात, दुसरे अधिक. डोळ्याला काळी माती आणि काळी राख सारखीच वाटेल. या दोन किरणांच्या तुलनेतून त्यांतला फरक पुष्कळदा उघड होतो.

आता थोडे गणित करू. समजा, वणव्यापूर्वी जमिनीच्या एका तुकड्याने पहिले किरण शंभरांपैकी ३० परतवले आणि दुसरे १५. दोहोंची वजाबाकी १५, बेरीज ४५. भागाकार आला ०.३३. वणव्यानंतर त्याच तुकड्याचे आकडे १० आणि २० झाले, तर भागाकार येतो उणे ०.३३. पहिल्यातून दुसरा वजा केला की ०.६६ एवढा मोठा फरक पडतो. जितका फरक मोठा, तितका दाह तीव्र. हे लांब तरंगाचे किरण टिपताना सेंटिनेल-२ च्या चित्रातील एकेक चौकोन २० मीटर लांब व तेवढाच रुंद असतो. असे २५ चौकोन म्हणजे एक हेक्टर. बंदीपूरएवढे जळीत मोजावयाचे तर लाखाहून अधिक चौकोनांचे गणित करावे लागेल. ते काम अर्थातच संगणक करतो.

येथे एक घोटाळा मात्र टाळला पाहिजे. आग शोधणे वेगळे आणि जळीत मोजणे वेगळे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ सालापासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या सूचना वनखात्यांना देत आली आहे. ते उपग्रह उष्णता टिपतात; पण त्यांचा एक चौकोन ३७५ मीटरांचा, तर कधी किलोमीटरभराचा असतो. त्या चौकोनात कोठे तरी आग आहे एवढेच कळते. वेळीच धावून जाण्यास ते पुरे. क्षेत्र मोजण्यास मुळीच नव्हे.

चित्रही फसवू शकते. डोंगराची सावली, आटलेला तलाव, नुकतेच कापलेले शेत, यांवरही कधी जळिताचा भास होतो. उलट, दाट शेंड्यांखाली केवळ पालापाचोळा जळाला असेल तर वरून काहीच कळत नाही. म्हणून वनरक्षकाची पायपीट अजून सुटलेली नाही. फरक इतकाच की, आता तो हाती नकाशा घेऊन निघतो आणि शंकेच्या जागाच नेमक्या पाहून येतो. त्यालाही घाई करावी लागते. वळवाच्या दोन-चार सरी झाल्या की राख धुऊन जाते, गवताचे कोंब वर येतात आणि नव्या उपग्रहचित्रात जळिताची कड पुसट होऊ लागते.