थरावर थर : खेळाची नोंद आणि गिट

आमच्या बोरी बुद्रुकला कुकडीकाठी सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची राख सापडते. वर थर साचले, तरी ती टिकली. संगणकावरील खेळाची ‘सेव्ह’ फाइल मात्र बहुधा जुनी नोंद पुसूनच नवी लिहिते. फाइल बिघडली आणि धाकट्या भावाची महिन्याची मजल गेली, तो रडला.

येथे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेली ‘गिट’ प्रणाली उपयोगी पडते. खेळ बंद करून ‘कमिट’ करावे. जुना थर शाबूत राहतो. ‘पुश’ने तो दुसरीकडे ठेवावा, दुसऱ्या संगणकावर ‘पुल’ने घ्यावा. दोन्हीकडे वेगवेगळे खेळल्यास मात्र अशा फाइली सहसा जुळत नाहीत. एक निवडावी लागते.

घरातला पहिला महाविद्यालयीन विद्यार्थी मी. माझी टिपणेही आता अशीच जपतो.