वाटी आणि दांडा

भाद्रपद महिना होता. नाशिकच्या पंचवटीतील एका जुन्या वाड्यात ज्येष्ठागौरींचे जेवण नुकतेच आटोपले होते. पुरणपोळीचा आणि कटाच्या आमटीचा सुवास अजून माजघरात दरवळत होता. वीस-पंचवीस पाने उठली होती आणि खरकट्या भांड्यांचा ढीग मोरीत येऊन पडला होता. एवढ्यात स्वयंपाकघरातून आजींचा आवाज आला, "अगं बाई! मोरी तुंबली!"

सातवीत शिकणारी नात धावत आत गेली. मोरीच्या जाळीवर पाणी साचले होते आणि ते हळूहळू वर चढत होते. पाण्यावर तुपाचा तवंग आला होता. भाताची शिते तरंगत होती. आणखी चार तांबे पाणी पडले असते, तर ते उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरात शिरले असते. दुसऱ्या पंगतीचे पाहुणे अजून यावयाचे होते.

मोठा भाऊ महाविद्यालयात शिकत होता. तो दारातूनच म्हणाला, "गल्लीच्या तोंडाशी गटाराचे काम करणारी माणसे आली आहेत. त्यांतल्या एकाला शंभर रुपये दिले, म्हणजे तो हात घालून क्षणात मोरी मोकळी करील."

आजोबा ओसरीवर बसले होते. तरुणपणी त्यांनी नाशिकमधील एका छापखान्यात जुळाऱ्याचे काम केले होते. शिशाचे खिळे जुळवून जुळवून त्यांची बोटे काळी होत असत. त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, "तू का नाही हात घालीत?"

"मला किळस येते, आजोबा."

"आणि त्याला येत नाही?"

"त्याला सवय असते."

"बाळ, घाणीची सवय कोणालाच नसते," आजोबा शांतपणे म्हणाले. "असतो तो नाइलाज. आपला हात जेथे घालवत नाही, तेथे दुसऱ्याचा हात घालावयास सांगू नये. शिवाय येथे कोणीच हात घालण्याचे कारण नाही. न्हाणीघराच्या दाराआड एक रबरी वाटी टांगलेली आहे. ती घेऊन या."

नातीने ती वस्तू आणली. हातभर लांबीचा लाकडी दांडा आणि त्याच्या टोकाला पालथी बसविलेली जाड रबराची वाटी, एवढेच तिचे रूप. इंग्रजीत या साधनाला प्लंजर म्हणतात. घरात त्याला मान नाही. पाहुणे आले की ते दाराआड लपविले जाते आणि मोरी तुंबली की सर्वांना त्याची आठवण होते.

नातीने वाटी मोरीच्या तोंडावर ठेवून जोराने दाबली. 'फस्' असा आवाज झाला, थोडे पाणी उडाले. पण मोरी होती तशीच राहिली.

"जोर पुष्कळ लावलास, पण युक्ती विसरलीस," आजोबा म्हणाले. "वाटीत हवा राहिली आहे. हवा दाबली म्हणजे आकसते. तू दिलेला जोर हवेनेच खाऊन टाकला. वाटी आधी पाण्यात तिरपी कर, म्हणजे हवा बुडबुड्यांनी निघून जाईल आणि वाटीत पाणी भरेल. पाणी सहजासहजी आकसत नाही. जितका जोर द्यावा, तितका ते पुढे पोहोचविते."

द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रान्समधील शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. दाबलेल्या वाटीतील पाणी मोरीच्या नळीतून खाली जोर करते आणि अडलेला बोळा पुढे ढकलते. पिचकारीचा दट्ट्या दाबला असता पाण्याची धार जशी वेगाने सुटते, तशीच ही क्रिया आहे.

वाटी वर ओढली म्हणजे याच्या उलट घडते. वाटीखालील दाब कमी होतो आणि अडलेला बोळा वरच्या दिशेने हलतो. येथे वातावरणाचा दाब उपयोगी पडतो. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा दाब सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका असतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तेथे तो किंचित कमी आहे. बारा सेंटिमीटर रुंदीच्या वाटीचे तोंड सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे एवढ्याशा वाटीवर हवा शंभर किलोग्रॅमहून अधिक भार देत असते! एरवी तो जाणवत नाही, कारण हवा आतून आणि बाहेरून सारखीच रेटत असते. एका बाजूचा दाब घटला, की दुसऱ्या बाजूचे बळ दिसू लागते. जर्मनीतील माग्देबुर्ग नगरीत ओटो फोन गेरिके याने सतराव्या शतकात धातूचे दोन अर्धगोल एकमेकांस जोडून त्यांतील हवा काढून घेतली, तेव्हा दोन्ही बाजूंनी जुंपलेल्या घोड्यांनाही ते सहज विलग करता आले नाहीत. त्या अर्धगोलांना जे बळ धरून ठेवीत होते, तेच मोरीवरील वाटीच्या साहाय्याला येते.

नातीने आता वाटी तिरपी करून पाण्यात बुडविली, मग ती मोरीच्या तोंडावर सरळ बसविली. कडा सर्व बाजूंनी नीट टेकली. आजोबा म्हणाले, "आता खाली-वर, खाली-वर. तोल सोडू नकोस. एकाच दणक्याने भिंत पडत नाही. हलवून हलवून ती सैल करावी लागते."

दहा वेळा झाले, बारा वेळा झाले. पंधराव्या खेपेस तिने वाटी एकदम वर उचलली. मोरीच्या पोटात 'गडगड' असा आवाज झाला, पाण्यात भोवरा फिरला आणि पाहता पाहता सारे पाणी खाली गेले. जाळीजवळ एक लहानसा गोळा वर आला होता. थिजलेले तूप, भात आणि हाराचा दोरा यांचा तो गोळा होता. आजींनी तो चिमट्याने उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"हा दोरा मोरीत आला कसा?" त्यांनी विचारले. कोणीच बोलले नाही. निर्माल्याचे तबक सकाळी मोरीत कोणी धुतले होते, हे मोठ्या भावाला ठाऊक होते. त्याने मान खाली घातली.

मोरीच्या तोंडाखाली पाण्याचा एक वळसा असतो. नळकाम करणारे कारागीर त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. त्यात नेहमी थोडे पाणी उभे राहते आणि गटारातील दुर्गंध त्यामुळे घरात शिरत नाही. असा पाण्याचा वळसा असलेल्या शौचकूपाची सनद लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली मिळविली. हा वळसा फार उपयोगी; परंतु जड वस्तू आणि थिजलेले तूप अडकते तेही बहुधा तेथेच. म्हणून खरकटे आधी काढून घ्यावे, तुपातेलाची भांडी कागदाने पुसून मग धुवावीत आणि जाळी कधीही काढून ठेवू नये. मोरीत तीव्र रसायन ओतले असेल, तर मात्र वाटी वापरू नये. ते उडून डोळ्यांस इजा होते. अशा वेळी मोठ्या माणसांनाच बोलवावे.

मोरीतून गेलेले पाणी नाहीसे होत नाही. ते गल्लीतील गटारात जाते. तेथून ते तपोवनासारख्या ठिकाणी असलेल्या मलजलशुद्धी केंद्राकडे नेले जाते आणि शेवटी गोदावरीला मिळते. नदी पुढे निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वराच्या जलाशयात पोहोचते. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून हा जलाशय ओळखला जातो आणि हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी तेथे उतरतात. पंचवटीतील एका मोरीत टाकलेल्या वस्तूचा संबंध अशा रीतीने कितीतरी दूरच्या जीवांशी पोहोचतो.

गटारे तुंबली, म्हणजे ती मोकळी करण्यासाठी पूर्वी माणसेच आत उतरत. बंद गटारात विषारी वायू साचलेले असतात. त्यांना रंग नसतो. आत उतरणाऱ्याला ते दिसत नाहीत. असे उतरून कित्येक कामगारांनी प्राण गमावले. पिढ्यान्‌पिढ्या हे काम जातीने काही लोकांवर लादले गेले, ही गोष्ट अधिकच दुःखाची. भारताच्या संसदेने २०१३ साली कायदा करून हाताने मैला साफ करविण्यास, तसेच सुरक्षेच्या साधनांवाचून माणसांना गटारात उतरविण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंबद्दल कुटुंबांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. तरीही असे मृत्यू थांबलेले नाहीत. कायदा कागदावर असतो. तो पाळावयाचा की नाही, हे 'त्याला बोलवा, तो हात घालील' असे म्हणणाऱ्यांच्या मनावर अवलंबून असते.

संत गाडगेबाबांनी हे मन बदलण्यासाठी आयुष्य वेचले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. ज्या गावी जात, तेथे ते आधी हातात खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. नाशिकलाही त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारविली. १९५६ साली ते निवर्तले. गाव स्वच्छ करणाऱ्या माणसाचे स्थान खाली नसते, हे त्यांनी बोलून नव्हे, तर खराटा चालवून दाखविले.

मोरी मोकळी झाल्याचा आनंद नातीला आवरेना. तिने आईचा भ्रमणध्वनी घेतला आणि पुण्याच्या मावशीला संदेश पाठविला. त्यात शब्द एकही नव्हता. तांबड्या वाटीचे आणि दांड्याचे एक इवलेसे चित्र, आणि पुढे हसरा चेहरा.

आजोबांनी वाकून पाहिले. "हे चित्र तू काढलेस?"

"नाही, आजोबा. हे त्यातच असते. याला इमोजी म्हणतात."

इमोजी हा जपानी शब्द आहे. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. १९९९ साली जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी भ्रमणध्वनीसाठी १७६ लहान चित्रे तयार केली. पुढे अशा चित्रांना युनिकोड या जागतिक अक्षरकोशात स्थान मिळाले. छापखान्यात प्रत्येक खिळ्याचा खण ठरलेला असतो. त्याचप्रमाणे या कोशात प्रत्येक अक्षराचा क्रमांक ठरलेला असतो. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५ आहे. झाडू, साबण आणि स्पंज यांची चित्रे २०१८ साली या कोशात आली. रबरी वाटी, बादली आणि दात घासण्याचा ब्रश २०२० साली आले. रबरी वाटीचा क्रमांक आहे १,२९,६९६.

आजोबांना मोठे नवल वाटले. "म्हणजे आपला 'क' आणि दाराआडची ही वाटी एकाच पेटीतले खिळे झाले म्हणायचे!"

"हो. आणि मराठी न येणाऱ्यालाही हे चित्र कळते," नात म्हणाली.

ते खरेच होते. नाशिकच्या सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांत अनेक प्रांतांतून आलेले कामगार राहतात. त्यांच्या भाषा निरनिराळ्या आहेत. परंतु तुंबलेली मोरी सर्वांना सारखीच त्रास देते. शब्द अडला, तर दुकानदाराला असे चित्र दाखवूनही काम भागते.

आजोबा हसून म्हणाले, "जगाच्या लिपीत या बिचाऱ्या वाटीला जागा मिळाली, हे फार चांगले झाले. पण एक लक्षात ठेव. चित्र पाठविल्याने मोरी मोकळी होत नाही. त्यासाठी दांडा हातात धरावा लागतो."

हे शब्द ऐकताच मोठा भाऊ पुढे झाला. त्याने काही न बोलता बहिणीच्या हातातून ती वाटी घेतली, साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुतली आणि उन्हात वाळत ठेवली. मग मोरी घासली. आजींनी एका ताटात पुरणपोळ्या वाढल्या आणि पाण्याची कळशी भरली. ते ताट आणि ती कळशी घेऊन तो गल्लीच्या तोंडाशी गेला. तेथे कामगार यंत्राच्या गाडीची जाड नळी गटारात सोडून काम करीत होते.

"काका, हात धुऊन घ्या," तो म्हणाला, "आज आमच्याकडे गौरी जेवल्या."

अभ्यास

१. नातीचा पहिला प्रयत्न का फसला? दुसऱ्या वेळी तिने काय निराळे केले?
२. "घाणीची सवय कोणालाच नसते. असतो तो नाइलाज." या वाक्यांचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. मोरीतील पाण्याचा नांदूरमध्यमेश्वरापर्यंतचा प्रवास क्रमाने सांगा.
४. मोठ्या भावाचे मन बदलले, हे कोणकोणत्या गोष्टींवरून दिसते?
५. घरातील मोरी तुंबू नये म्हणून घरातील प्रत्येकाने काय करावे, याची पाच वाक्ये लिहा.